लिपिड प्रोफाइल नॉर्मल आहे, पण वडिलांना ४८व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. लायपोप्रोटीन-ए टेस्ट करावी का?

हो, करून घ्या. बहुतेकांना ती आयुष्यात एकदाच पुरते. लायपोप्रोटीन-ए म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण; त्याचं प्रमाण मुख्यतः आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं, तेल-तूप कमी करून किंवा रोज चालून फारसं हलत नाही. आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते वेगळं छापून येतच नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांतही एकदा तरी तपासा असं आहे. रिपोर्टवर एकक बघा: ५० मिग्रॅ/डेसीलिटर किंवा १२५ नॅनोमोल/लिटरच्या वर म्हणजे जास्त. (गुणाकार करून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करत बसू नका, चुकतं.) जास्त आलं म्हणून अटॅक येणारच असं मात्र नाही, डॉक्टर मग एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), बीपी, शुगर जास्त कडक सांभाळायला सांगतात. तसं निघालं तर भावंडांनाही टेस्ट करायला लावा.