काचेच्या जगमधला पांढरा थर : घासण्यापेक्षा भिजवा

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंचे दोन काचेचे जग माळ्यावरून काढले, बुडाशी आणि मधोमध पांढरे कडे आहेत, तारेच्या घासणीनं पण हलत नाहीत आणि आता कोणीतरी टॉयलेट क्लीनर टाकून पाहायला सांगितलं. आधी तर ती घासणी आजच्या आज बंद करा. तारेनं काचेला बारीक चरे पडतात आणि पुढचे क्षार त्या चऱ्यांत आणखी घट्ट बसतात. आणि टॉयलेट क्लीनर प्यायच्या पाण्याच्या भांड्यात नकोच, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, चुकून त्याच्यासोबत ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू निघतो, तो जिवावर बेतू शकतो.

आता हा थर येतो कुठून ते पाहा, म्हणजे उपाय आपोआप कळेल. आपल्या नागपुरात बोअरचं, विहिरीचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की जगमधलं पाणी उडत राहतं, आपण वरून भरत राहतो, पाणी जातं अन क्षार मागे राहतात, त्याचं कडं होतं. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, साबणाला तो अजिबात दाद देत नाही, आंबट पदार्थात मात्र विरघळतो. म्हणून इथं जोर नाही लागत, आंबटपणा आणि वेळ लागतो.

पहिले टेस्ट करा. कोरड्या जगच्या कड्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका आणि डोळा जवळ नेऊन पाहा. बारीक बुडबुडे उठले तर समजा काम होणार, तो कार्बन डायऑक्साइड आहे, थर विरघळतोय. थर पातळ असेल तर बुडबुडे दिसणार नाहीत, तरी एकदा भिजवून पाहाच.

भिजवायला मला व्हिनेगरपेक्षा लिंबूसत जास्त आवडतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराण्यात सुटं मिळतं, वासही येत नाही. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा आणि कडं पूर्ण बुडेल इतकं भरा, रात्रभर राहू द्या. उकळतं पाणी ओतू नका हं, एक तर जुनी काच गरम-थंडच्या फरकानं तडकते, आणि दुसरं म्हणजे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणजे एक थर काढताना दुसराच पांढरा गाळ बुडाशी बसायचा. सकाळी पाणी फेका, थर उरला असेल तर नवीन मिश्रण भरा, कारण जुन्यातलं ॲसिड खर्च झालेलं असतं. खूप जाड थर असेल तर असं तीन-चार रात्री चालतं, धीर धरा.

थर मऊ पडला की मग घासायचं, तेही बाटलीच्या ब्रशनं. हात आत जात नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडं पाणी टाकून गोल गोल फिरवा, कोपऱ्यातलं सुटतं. अंड्याची टरफलं टाका असंही लोक सांगतात, पण टरफल स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे, ॲसिडमध्ये टाकलं तर ॲसिड त्यालाच खात बसतं, जगचं कडं तसंच राहतं! बेकिंग सोडा अन व्हिनेगर एकत्र करण्याचंही तेच, फेस भरपूर येतो पण दोघं एकमेकांना निकामी करतात. संत्र्याच्या सालीचं विचारलंत, तर सालीचं तेल स्टिकरचा चिकटा काढायला उत्तम आहे, क्षारांना त्याचा उपयोग नाही.

दोन ठिकाणी मात्र जपून. जगवर सोनेरी काठ किंवा रंगीत नक्षी असेल तर ॲसिड तिथपर्यंत येऊ देऊ नका, रंग जातो. आणि जग हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड लागला, टिचकी मारल्यावर लांब घुमला, तर तो शिसं असलेल्या क्रिस्टलचा असू शकतो, त्यात आंबट भिजत ठेवू नका, शिसं बाहेर येतं, आणि रोजच्या पाण्यालाही तो वापरू नका.

इतकं करून पण धुरकटपणा तसाच राहिला, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतंय, ओला केला की दिसेनासा होतो अन वाळला की परत येतो, तर बहुतेक तो थर नाहीच. वर्षानुवर्षं पाणी साचून राहिलं की काचेतला सोडियमचा अंश पाण्यात उतरतो आणि काचेचा पृष्ठभागच झिजतो. त्याला घरी इलाज नाही, पॉलिश करणारा कारागीर मिळाला तरच, नाहीतर त्यात मनीप्लांट लावा, छान दिसतो.

निघाला थर, तर यापुढे रात्री जग रिकामा करून, कापडानं आतून पुसून उपडा ठेवा. व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर काय दिसलं ते इथं सांगा, फोटो टाकला तर अजून बरं, मग पुढचं पाहू.