चहा घेऊन येणारी बाहुली थांबते कशी?

प्रश्न (एक वाचक, सांगली): लेकीने मोबाईलवर एका जपानी बाहुलीचा व्हिडिओ दाखवला. किमोनो घातलेली बाहुली ट्रेमध्ये चहाचा कप घेऊन पाहुण्यापर्यंत चालत येते, कप उचलला की थांबते, परत ठेवला की वळून माघारी जाते. म्हणे दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं डिझाइन आहे. आत सेन्सर-बिन्सर असणारच ना?

उत्तर: सेन्सर नाही, बॅटरी नाही, मोटर पण नाही. हिला चाहाकोबी निंग्यो म्हणतात, म्हणजे चहा नेणारी बाहुली, आणि अशा सगळ्या यांत्रिक बाहुल्यांना मिळून काराकुरी निंग्यो. जपानच्या एदो काळातली (1603 ते 1868) ही करामत.

आता सेन्सरचं. बाहुलीचे दोन्ही हात खांद्याशी किंचित खालीवर होतात, बस एवढंच गुपित आहे. कप ठेवला की वजनाने हात जरासे दबतात, त्याला आतून जोडलेली काडी सरकते आणि चाकात अडकलेली खिटी सुटते, की निघाली बाई. कप उचलला की हात वर, खिटी परत चाकात, जागच्या जागी ब्रेक. म्हणजे कपच स्विच! पावलं किमोनोखालून टुकूटुकू हलताना दिसतात ना, ती निव्वळ शोभेची, खरं ओझं खालच्या चाकांवर.

ताकद स्प्रिंगची, पण ती स्टीलची नाही, देवमाशाच्या तोंडात कंगव्यासारख्या लवचिक पट्ट्या असतात त्यातली पट्टी गुंडाळून केलेली. चावी भरली की ती एकदम सुटू पाहणार आणि बाहुली सुसाट पळून चहा पाहुण्याच्या मांडीवर सांडणार, म्हणून जुन्या घड्याळात टिकटिक करत एकेक दात सोडणारी रचना असते तशीच इथे बसवलेली असते. उगाच नाही, 1796 साली होसोकावा हान्झो नावाच्या कारागिराने 'काराकुरी झुई' नावाचं तीन भागांचं पुस्तक काढलं त्यात आधी घड्याळं आणि मग या बाहुल्या, मापं आणि आकृत्यांसकट. विसाव्या शतकात त्याच आकृत्या बघून लोकांनी ही बाहुली परत उभी केली.

एक गंमत व्हिडिओत कळत नाही. बाहुलीला पाहुणा कुठे बसलाय ते अजिबात माहीत नसतं. किती अंतर जाऊन वळायचं ते आतल्या एका उंचवट्याच्या चाकावर आधीच ठरवलेलं असतं, तो उंचवटा आला की पुढचं छोटं चाक तिरकं होतं आणि ती वळते. त्यामुळे यजमान अंतर मोजून पाहुण्याला बसवणार, आणि पाहुणा गप्पांत रंगला नि कप उचलायचा राहिला तर बाहुली चहा घेऊन परत! मला विचाराल तर यात यंत्रापेक्षा यजमानाचीच परीक्षा जास्त.

लाकडाबद्दल पण सांगायलाच हवं. दातेरी चाक एका फळीतून कापलं तर काही दात लाकडाच्या रेषांच्या आडवे येतात आणि तेवढे पटकन तुटतात, म्हणून पंख्याच्या पाकळ्यांसारखे तुकडे असे जोडतात की रेषा सगळीकडे मधून बाहेर जातील. चेहरा हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाचा, वर शिंपल्याच्या भुकटीचा पांढरा लेप. जपानच्या नागोया भागात बाहुल्या घडवणाऱ्या कारागिरांच्या घराण्यात तामाया शोबेई हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, सध्याचे नववे.

प्रश्न (एक वाचक, डोंबिवली): तोशिबा कंपनी बाहुल्या करणाऱ्याने काढली हे खरं का?

उत्तर: हो, फेकाफेक नाही. तानाका हिसाशिगे, जन्म 1799, गाव कुरुमे, वडील कासवाच्या कवचाच्या वस्तू बनवणारे. त्याने केलेला धनुर्धारी मुलाचा बाहुला बघाच एकदा, स्टँडमधून बाण उचलतो, लावतो, ताणतो, सोडतो. चेहरा ठोकळ्यासारखा एकच, पण मान किंचित वळली-झुकली की उजेड बदलतो आणि बाण लागल्यावर पठ्ठ्या खूश झाल्यासारखा वाटतो. चारपैकी एक बाण मुद्दाम चुकावा अशी योजना होती असं सांगतात. 1851 मध्ये त्याने एकदा चावी दिली की वर्षभर चालेल असं घड्याळ केलं, 1875 मध्ये टोकियोत गिंझाला तारयंत्रांचा कारखाना काढला, त्याच मुळातून पुढे तोशिबा.

प्रश्न (एक वाचक, पुणे): आपल्या गणपतीतल्या हलत्या देखाव्यांसारखं तिकडे काही असतं का?

उत्तर: असतं, पण मोटरवर नाही. नागोयाजवळच्या इनुयामा गावाच्या उत्सवात एप्रिलमध्ये 13 उंच रथ निघतात आणि प्रत्येकावर काराकुरी, आत माणसं दोऱ्या ओढत बसलेली. ताकायामा गावच्या उत्सवात पण बघायला मिळतात. आपण कळसूत्री म्हणतो त्यात कळही आहे आणि सूतही, रथावरच्या बाहुलीला शब्द अगदी फिट बसतो.

घरी करून बघायची असेल तर चहावालीचे प्लास्टिकचे छोटे किट निघाले होते. मी एक जोडला होता, पहिल्या दिवशी हौसेने स्टीलचा पेला ठेवला तर हात असे दबले की पेला उचलला तरी वर येईनात, आणि बाहुली रिकामा ट्रे घेऊन थेट सोफ्याखाली. तेव्हा कप हलकाच घ्या, आणि पहिले दोन दिवस त्यात पाणीच भरा.