वाचक विचारतात: देव बोलेना म्हणून मी दुसरीकडे विचारलं

प्रश्न: काका, नाव छापू नका प्लीज. माझा 22 वर्षांचा मुलगा 8 महिन्यांपूर्वी भांडून घर सोडून गेला, नंबर बंद, मित्र म्हणतात आम्हाला काही माहीत नाही. पोलिसांत मिसिंगची तक्रार दिलीये. उपास केले, चर्चमध्ये सगळ्यांनी प्रार्थना केली, काहीच नाही, नुसती शांतता. शेवटी मैत्रिणीच्या ओळखीने मृतांशी बोलणाऱ्या एका बाईंशी व्हिडिओ कॉल केला. त्यांनी आधी नाव, फोटो, जन्मतारीख मागवली होती. 3 वर्षांपूर्वी गेलेले माझे बाबा "आले" आणि म्हणाले की नातू सुखरूप आहे, पाण्याजवळ आहे, महिन्याभरात येईल. मी इतकी रडले. 2 महिने झाले, नाही आला. आता त्या म्हणतात बाबांचं बोलणं अर्धवट राहिलं, मंगळवारी संध्याकाळी परत बसू. शास्त्रात मनाई आहे हे माहीत आहे, शौल राजाचं वाचून तर झोपच उडाली, लढाईच्या आदल्या रात्री तो एन-दोर गावातल्या मृतांना बोलावणाऱ्या बाईकडे गेला आणि मेलेला शमुवेल संदेष्टा वर आला ते. देवाने मला टाकलं का? आणि एन-दोरला आला तो खरंच शमुवेल होता का, असेल तर बाबा का नाही येऊ शकत? खरं सांगते, बसावंसं वाटतंय. (एक आई)

उत्तर: ताई, मंगळवारी बसू नका. का ते खाली लिहितो, पण उत्तर अर्धं वाचून फोन उचलाल म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

टाकलं का, तर नाही. बायबलात 2 इतिहास 33 काढा. मनश्शे राजा, 55 वर्षं राज्य केलं, जादूटोणा काय, भूतविद्या काय, पोटची पोरं अग्नीत होमली त्याने, आणि तोच माणूस बेड्या घालून बाबेलला नेल्यावर रडून ओरडला तर देवाने ऐकलं आणि त्याला यरुशलेमला परत आणलं. तुम्ही एक व्हिडिओ कॉल केलात. त्या यादीत तुमचा नंबर फार खाली आहे.

आता शौल. लोक 1 शमुवेल 28 वाचतात आणि घाबरतात, पण मागचे अध्याय कोणी वाचत नाही. देवाने त्याला स्वप्नांनी, उरीमने, संदेष्ट्यांकडून कशानेच उत्तर दिलं नाही असं तिथे लिहिलंय. उरीम म्हणजे देवाचा कौल घ्यायचं याजकाकडचं, पुरोहिताकडचं साधन. पण ते होतं कुठे? नोब गावच्या 85 याजकांची कत्तल शौलानेच करवली, त्यातून एकटा अब्याथार निसटला तो एफोद, म्हणजे कौल घेताना वापरायचं याजकाचं वस्त्र, घेऊन सरळ शौलानंतर राजा झालेल्या दावीदाकडे गेला, म्हणजे विचारायचं साधनच ज्याच्या जिवावर हा उठला होता त्याच्याकडे जाऊन बसलं. त्याच्याही आधी, 14व्या अध्यायात, याजक देवाला विचारायला लागलाय आणि पलीकडे लढाईचा गलका वाढतोय, तर हा म्हणतो राहू दे, हात आवर. उत्तर येईपर्यंत थांबायची सवयच नव्हती माणसाला. गंमत म्हणजे 28:6 म्हणतं त्याने परमेश्वराला विचारलं आणि 1 इतिहास 10:14 म्हणतं नाही विचारलं. इब्रीत दोन वेगळे शब्द आहेत, पहिल्या ठिकाणी 'शाअल' म्हणजे विचारणं, दुसरीकडे 'दाराश' म्हणजे शोध घेणं, मागे लागणं. त्याला उद्याच्या लढाईचा निकाल हवा होता, देव नको होता. हे सगळं तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका हं. तुम्ही कोणाची कत्तल केलेली नाही, मुलाची खबर न मिळणं ही तुमची शिक्षा आहे असं शौलाच्या गोष्टीवरून कोणी सांगायला लागलं तर त्याला माझा नंबर द्या. तुमच्यासाठी स्तोत्र 88 आहे, ते शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच आहे आणि तरी ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात ठेवलंय.

शमुवेल होता का, यावर मंडळी पहिल्यापासून भांडतेय. सुरुवातीच्या शतकांतले ख्रिस्ती पंडित घ्या: ओरिजेन म्हणाला, तो शमुवेलच, अंत्युखियाच्या युस्टाथियसने त्याच्याविरुद्ध अख्खा ग्रंथ लिहिला, टर्टुलियनच्या मते ते सैतानाचं सोंग. मला विचाराल तर मजकूर सरळ शमुवेल म्हणतो, मीही तेच धरतो. पण बघा ना, त्याला पाहून ती बाईच किंचाळली, म्हणजे धंद्यात रोज जे व्हायचं ते हे नव्हतं. आणि आलेला शमुवेल काय बोलला? मला त्रास का दिलास, राज्य दावीदाला दिलंय. हे सगळं जिवंतपणीच सांगून झालं होतं. नवीन एवढंच की उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्याबरोबर असाल. तो गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून बोलला नाही आणि पुढच्या मंगळवारची वेळही देऊन गेला नाही.

तुमच्या कॉलमध्ये मात्र नेमकं तेच झालं. "पाण्याजवळ" म्हणजे काय हो? नदी, समुद्र, तलाव, धरण, पाण्याची टाकी, माणूस कुठेही असला तरी कुठल्या तरी पाण्याजवळच असतो. 1948 मध्ये फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना "खास तुमचं" म्हणून स्वभाववर्णन दिलं, सगळ्यांना शब्दन्‌शब्द एकच, बरंचसं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं, आणि पोरांनी सरासरी 5 पैकी 4.26 मार्क दिले. ती काही बावळट पोरं नव्हती. आणि तुम्ही तर फोटो, नाव, जन्मतारीख आधीच पाठवलेली, बाबा गेल्याच्या पोस्ट अजून फेसबुकवर असतील, मुलासाठी टाकलेली "कोणी पाहिलं असेल तर कळवा" पण असेल. शौलाने वेश बदलला, रात्री गेला, सोबत दोनच माणसं, पण सगळ्या इस्राएलात खांद्यापासून वर उंच असलेला माणूस उंची कुठे लपवणार! त्या बाईने शमुवेल दिसल्यावर ओळखलं असं लिहिलंय खरं, मला मात्र नेहमी वाटतं की दारातच तिला शंका आली असणार.

तेव्हा त्या बाईंना एक मेसेज, "मला बसायचं नाही", कारण द्यायचं नाही, मग नंबर ब्लॉक. मैत्रिणीशी भांडू नका, तिने तळमळीनेच केलं असेल. तक्रारीचा पाठपुरावा महिन्यातून एकदा तरी करा, स्वतः जाऊन. मुलाच्या बंद नंबरवर, ईमेलवर, जिथे शक्य असेल तिथे एकच ओळ टाका की रागावलेलो नाही, कुठे आहेस तेही सांगू नको, फक्त बरा आहेस एवढं कळव. त्यात रडगाणं नको, शास्त्रवचन तर अजिबात नको.

आणि उपास सध्या बंद. त्या रात्री शौल दिवसभराचा उपाशी होता, ऐकून आडवा पडला, तर त्याच मनाई असलेल्या बाईने वासरू कापलं, बेखमीर भाकरी भाजल्या आणि आग्रह करकरून त्याला खायला घातलं, त्या अख्ख्या अध्यायात दया दिसते ती तिथेच. एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला तेव्हा देवदूतानेही आधी भाकर आणि पाणीच दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं, कुठे का पळालास हे देवाने नंतर विचारलं. चर्चमधली जी एक बहीण पोटात गोष्ट ठेवते तिला हे सगळं सांगा, कॉलचंसुद्धा, आणि मंगळवारी संध्याकाळी तिला घरी जेवायला बोलवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.