‘बघतो’ म्हणाले, पुढं काय?

या वेळच्या पत्रांत एकच सूर आहे: आमदार भेटतात, चहा देतात, काम मात्र होत नाही. कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस जवळ आले की इथं ही पत्रं वाढतात. सरकारच दाराशी येतंय म्हटल्यावर प्रत्येकाला आपलं अडलेलं काम आठवतं.

आमच्या गावची सकाळची बस कधी येते, कधी येत नाही. कॉलेजच्या मुली रस्त्यावर ताटकळतात. आमदारांना दोनदा भेटलो, दोन्ही वेळा ‘बघतो, डेपो मॅनेजरना सांगतो’ म्हणाले. तिसऱ्यांदा कशाला जायचं?
— एक पालक, नंदगड परिसर

तिसऱ्यांदा जाच, फक्त मोकळ्या हातानं जाऊ नका. आमदारांच्या घरासमोर सकाळी कोण कोण असतं ते तुम्ही पाहिलंच असेल. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले, बदलीसाठी आलेले, दवाखान्याच्या बिलासाठी आलेले. त्या गर्दीत ‘बस वेळेवर येत नाही’ हे वाक्य दहा जणांनी म्हटलेलं असतं. त्यातलं लक्षात काय राहणार?

मुलींच्या हातात एक वही द्या. तीन आठवडे रोज लिहायचं: तारीख, बसची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ, किती जणी चढल्या, किती मागं राहिल्या. आली नाही तर ‘आली नाही’. जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण शून्य रुपयाचं तिकीट फाडलं जातंच. म्हणजे तुमच्या फेरीला किती बायका चढतात, याचा हिशोब वायव्य कर्नाटक परिवहनकडे आहे. माहिती अधिकारात तो मागा. शुल्क 10 रुपये. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, तेव्हा गाऱ्हाणं न लिहिता थेट आकडे मागायचे. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘या मार्गावर प्रवासीच नाहीत’ असं डेपोवाले म्हणतात ना, त्यांना त्यांचाच कागद दाखवता येतो.

आता हे न्यायचं कुठं? तालुक्याची केडीपी, म्हणजे कर्नाटक विकास कार्यक्रमाच्या आढाव्याची बैठक असते. तिचे अध्यक्ष आमदार, आणि समोर परिवहन, वीज (हेस्कॉम), शिक्षण, पाणीपुरवठा अशा सगळ्या खात्यांचे अधिकारी. आमदारांनी डेपो मॅनेजरला फोन करणं वेगळं आणि भरल्या बैठकीत कागद पुढं ठेवून विचारणं वेगळं. फोनची नोंद कुठंच राहत नाही. बैठकीची तारीख तालुका पंचायतीत कळते. चार-पाच दिवस आधी एका पानाचा अर्ज द्या, त्यात मागणी एकच: अमुक फेरी अमुक वेळेला, आणि ती रद्द होणार असेल तर आदल्या संध्याकाळी पंचायतीला कळवणं. त्याच पानावर गटार, दिवाबत्ती, स्मशानशेड घुसवू नका. आपल्याकडे ही खोडच आहे. गेलोच आहोत तर सगळंच सांगून येऊ म्हणतात, आणि मग सगळंच राहतं.

बैठक झाल्यावर इतिवृत्तात तुमचा विषय आला का, ते विचारा. आला असेल तर आमदारांच्या पीएंना आभाराचा निरोप द्या. त्यातच पुढची तारीखही विचारा.

अर्ज मराठीत दिला तर घेतील का? पंचायतीत एकदा ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून परत पाठवलं होतं.
— तरुण वाचक, येळ्ळूर

घ्यावाच लागतो. राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. परत पाठवणाऱ्याला शांतपणे म्हणायचं, ‘मग घेत नाही असं लिहून द्या.’ तसं लिहून द्यायला सहसा कुणी तयार होत नाही. आवकमध्ये नोंद, शिक्का आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता दुसरी बाजू, जी ऐकायला काहींना आवडणार नाही. या कलमानं अर्ज द्यायचा हक्क मिळतो, उत्तर मराठीतच येईल याची हमी त्यात नाही. कारभाराची भाषा कन्नड आहे. ज्या कारकुनाच्या टेबलावर तुमचा कागद जाणार, तो टिपणी कन्नडमध्येच लिहिणार. म्हणून मी स्वतः मराठी अर्जाच्या मागं त्याचा कन्नड अनुवाद जोडतो. शेजारचा शाळकरी मुलगाही करून देतो. मराठी कागदांचा हक्क, भाषिक अल्पसंख्याकांच्या सवलती, ही मोठी लढाई आहे आणि ती लढायची तिथं लढावीच. पण नळाला पाणी नाही हा अर्ज त्या लढाईत ढाल म्हणून पुढं करू नका. पाणी येतच नाही, वर अधिकाऱ्याला आयती सबब मिळते.

सुवर्णसौधच्या अधिवेशनात आमच्या गावचा प्रश्न मांडायचा आहे. निवेदन घेऊन गेलो तर मंत्री भेटतील का?
— महिला मंडळ, कंग्राळी परिसर

भेटतील, फोटोही निघेल. सुवर्णसौध म्हणजे बेळगावातलं विधानभवन. हलगा-बस्तवाडजवळची ती इमारत 2012 मध्ये उघडली, तेव्हापासून अधिवेशनाच्या दिवसांत आंदोलनाचे मंडप उभे राहतात. मंत्री येतात, निवेदन घेतात, ‘सरकार सकारात्मक आहे’ म्हणतात. संध्याकाळी ती निवेदनं गठ्ठ्यात जातात. मंडपात बसू नका असं मी म्हणत नाही. बसलात तर निवेदन कुठल्या खात्याकडे पाठवलं आणि नोंद क्रमांक काय, एवढं विचारून उठा.

पण सभागृहात प्रश्न यायचा असेल तर मंडप उभे राहायच्या कितीतरी आधी हालचाल करावी लागते. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाआधीच द्याव्या लागतात. तुमचा मजकूर दिवाळीच्या सुमारास आमदारांच्या हातात पडायला हवा, तोही प्रश्नाच्या रूपात तयार: ‘अमुक योजनेत अमुक गावाला किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली, काम का थांबलं?’ पीएला फक्त टाइप करायचं काम उरलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारू शकत नाहीत, कारण ते स्वतःच सरकार आहेत. अशा वेळी जिल्ह्यातल्या इतर आमदारांकडे बघा. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे 18 मतदारसंघ आहेत. शिवाय विधान परिषद आहे, जिच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही. स्थानिक संस्थांमधून निवडून गेलेल्या सदस्याला ग्रामपंचायत सदस्यांची मतं लागतात, म्हणून तुमच्या पंचायतीनं ठराव करून पाठवला तर तो टाळणं त्यांना जड जातं. प्रश्न शाळेचा असेल तर वायव्य शिक्षक मतदारसंघाचे आमदार हेरा.

मंत्री सभागृहात ‘करून देऊ’ म्हणाले, तर त्या दिवसाच्या कामकाजाची प्रत जपून ठेवा. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. बाहेर मांडवात दिलेल्या शब्दाला ती सोय नाही.

आमचे खासदार बेळगावचे की कारवारचे? घरात दोन मतं आहेत.
— खानापूर

कारवारचं मत बरोबर. खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये, म्हणजे कारवारकडे येतात. निपाणी चिकोडीत. बेळगावच्या खासदारांच्या दारात तुमचा तास वाया जाईल.

बायपाससाठी शेत जाणार असं ऐकतोय. आमदार म्हणतात मी तुमच्या पाठीशी आहे. एवढ्यावर निर्धास्त राहू का?
— शेतकरी, बेळगाव तालुका

अजिबात राहू नका. रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर जमीन 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली घेतली जाते, म्हणजे निर्णय दिल्लीचा. आमदार पाठीशी उभे राहतील हो, पण फाइल त्यांच्या पुढ्यात नसते. इथं खासदार लागतात. तेही केवळ भेटून नाही. ‘पर्यायी मार्गाची पाहणी झाली का, झाली असल्यास अहवाल द्या’ असं पत्र केंद्रीय मंत्र्यांना लिहायला त्यांना सांगा आणि त्या पत्राची प्रत मागून घ्या.

त्याहून महत्त्वाची आहे तारीख. भूसंपादनाची पहिली अधिसूचना राजपत्रात आली की हरकतीला 21 दिवस मिळतात. हरकत ज्याची त्यानं, सर्व्हे क्रमांक घालून, लेखी द्यायची. सगळ्या गावाचा मिळून एक मोर्चा निघाला म्हणजे हरकत नोंदली, असं होत नाही. गावात एक जण ठरवा ज्यानं तलाठ्याकडे आणि प्रांत कार्यालयात दर आठवड्याला चौकशी करायची. जमिनीचा उतारा आजच काढून ठेवा. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसा नोंद आधी करून घ्या, कारण नोटीस नावावर निघते.