मेडिकल दुकानात काउंटरवर आहे, अनुभव नसताना सोलापुरात अकाउंटिंगमध्ये शिरता येईल का?

येईल की! आणि काउंटरवरचं काम वाया गेलं असं समजू नका, बिलं, उधारी, स्टॉक तुम्ही रोज बघताच. टॅली (हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर) शिका, पण नुसत्या सर्टिफिकेटवर भागत नाही, एखाद्या सीए किंवा टॅक्स कन्सल्टंटकडं कमी पगारावर का होईना चिकटा, बिलं चढवणं, बँक स्टेटमेंट जुळवणं तिथंच हाताखालून जातं. दर महिन्याला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न) भरायची शेवटची ११ तारीख आणि ३बी (कर भरायचं रिटर्न) ची २० तारीख असते, त्या दिवसांत ऑफिसात लय गडबड, म्हणून २० नंतर जाऊन भेटा. सप्लायरनं बिल अपलोड केलं नाही तर ते २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवर दिसणारी आपल्या खरेदीची यादी) दिसत नाही अन् खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट अडकतं, हे खरेदीशी ताडून शोधायला शिका, मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांकडं बिनधास्त विचारा.