तीन दिवसांची रिले: आधी झोपेचा हिशोब, मग किलोमीटरचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा जणांची टीम, सुमारे ६०० किलोमीटर, रात्रंदिवस न थांबता चालणारी रिले, दोन गाड्या आणि हातात चार महिने. बहुतेकांची हाफ मॅरेथॉन झालेली आहे, दोघांची फुल. तुम्हाला ट्रेनिंग प्लॅन हवाय. तो खाली दिलाय, पण त्याआधी एक कागद घेऊन बसा. अशा रिलेत टीमची वाट लागते ती पळण्यामुळे क्वचितच. लागते ती न झोपल्यामुळे.

माणशी ६० किलोमीटर येतात. हाफ मॅरेथॉनवाल्याला चार महिन्यांत हे जमतं. सरासरी पेस साडेसहाचा, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं, धरला तर एकूण ६५ तास. आता सगळे करतात ती वाटणी बघा: प्रत्येकी १० किलोमीटर, एका गाडीतले पाच जण पळाले की दुसरी गाडी. म्हणजे साडेपाच तास काम, साडेपाच तास सुट्टी. ऐकायला झकास. पण त्या सुट्टीतून शेवटच्या रनरचं कपडे बदलणं, गाडी ५० किलोमीटर पुढे नेणं, सगळ्यांचं खाणं आणि पुढच्या रनरचं पाऊण तास आधी उठणं वजा करा. उरले जेमतेम अडीच-तीन तास, तेही सीटवर पाय दुमडून. दुसऱ्या रात्रीपर्यंत सगळे एकमेकांवर खेकसायला लागतात.

त्यापेक्षा पाळी मोठी करा. एका गाडीने सलग ७५ किलोमीटर घ्यायचे, म्हणजे साधारण आठ तास. पाचही जण त्यात साडेसात-साडेसातचे दोन टप्पे पळतात. मग दुसरी गाडी आठ तास. एकूण आठ पाळ्या, प्रत्येक गाडीला चार, माणशी तेच ६०. फरक एवढाच, की सुट्टीच्या आठ तासांत साडेचार-पाच तास आडवं होता येतं. टप्पे आयोजकांनीच ठरवून दिले असतील तर एवढी मोकळीक नसते, म्हणून नियमावली आजच शेवटपर्यंत वाचा: क्रम बदलता येतो का, जखमी रनरच्या जागी कोण पळू शकतो, कुठल्या ठिकाणी कट-ऑफ म्हणजे पोचायची शेवटची वेळ आहे, रात्री कोणते दिवे सक्तीचे आहेत.

कुणीतरी तुम्हाला हाकोने एकिडेनचं, म्हणजे जपानमधल्या विद्यार्थ्यांच्या रिले शर्यतीचं, उदाहरण दिलंय असं लिहिलंत. १९२० पासून चालत आलेली ती स्पर्धा मलाही प्रचंड आवडते, पण तिथला ट्रेनिंग प्लॅन तुमच्या कामाचा नाही. तिथे दहा विद्यार्थी दोन दिवसांत मिळून सुमारे २१७ किलोमीटर पळतात. प्रत्येकाचा एकच टप्पा, साधारण वीसेक किलोमीटरचा, जीव तोडून, आणि मधली रात्र झोपायला मोकळी. तुमचं गणित अमेरिकेतल्या ओरेगनच्या हूड टू कोस्टच्या जवळचं आहे. १९८२ साली सुरू झालेल्या त्या रिलेत बारा जणांची टीम दोन व्हॅनमध्ये विभागून सुमारे ३२० किलोमीटर पळते आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण तीन टप्पे येतात. दमून बसायचं, आखडलेलं अंग घेऊन उठायचं आणि पुन्हा पळायचं. तयारी करायची ती ह्याची.

म्हणून चार महिन्यांतले पहिले दोन नेहमीसारखे: आठवड्याला चार-पाच रन, एक लाँग रन, अंतर हळूहळू वाढवत. बहुतेक सगळं पळणं असं, की सोबत्याशी सलग गप्पा मारता याव्यात. तिसऱ्या महिन्यापासून लाँग रन मोडून टाका. त्याऐवजी शनिवारी पहाटे १०, संध्याकाळी ८, रविवारी पहाटे पुन्हा १०. दोन-तीन आठवड्यांतून एकदा हे पुरे, दर आठवड्याला नको. ह्यातलं शिकण्यासारखं सगळं तिसऱ्या रनच्या पहिल्या दोन किलोमीटरमध्ये असतं. पाय लाकडासारखे असतात, वाटतं आज काही खरं नाही, आणि तिसऱ्या किलोमीटरला ते आपोआप सुटतात. हे एकदा अंगाने अनुभवलेला माणूस रिलेत घाबरत नाही.

मार्गावर घाट असेल तर उताराचा सराव करा. चढाची भीती सगळ्यांनाच असते, पण मांड्या कामातून जातात उतारावर. तिथे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, आणि ते दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं, म्हणजे नेमकं तुमच्या शेवटच्या टप्प्यांवर. सहा-आठ आठवडे आधीपासून थोडं थोडं उतारावर पळालं की स्नायू बऱ्यापैकी सरावतात. पहिल्या दिवशी उतारावर मिनिटं कमावणाऱ्या वीरांना कॅप्टनने वेळीच आवरावं.

निदान दोन रन मध्यरात्रीनंतर करा, तेही झोपेतून उठून. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. उठल्यावर अर्धा तास डोकं जागेवर नसतं. कॉफी ज्याला चालते त्याने पळण्याआधी घ्यावी, पण झोपायच्या आधीच्या पाच-सहा तासांत अजिबात नको. हेडलॅम्प, पुढून-मागून चमकणारं जॅकेट आणि पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा, हे सराव रनलाही. समोरून येणाऱ्या रहदारीकडे तोंड करून पळायचं आणि रात्री दोन्ही कानांत इअरफोन नाहीत. ह्यावर वाद घालणारा टीममध्ये नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ड्रायव्हर. तुमच्या यादीत ‘आलटून पालटून आम्हीच चालवू’ असं आहे. ते खोडा. सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच मंदावतो, आणि तुमचे लोक वर पळालेलेही असणार. दर गाडीमागे दोन न पळणारे ड्रायव्हर घ्या आणि त्यांच्या झोपेचं वेळापत्रक रनरच्या आधी लिहा. पैसे कमी पडत असतील तर टी-शर्ट छापू नका, एक रनर कमी करून ड्रायव्हर घ्या, पण ही काटकसर नको.

वेळेचा तक्ता करताना लोकांनी सांगितलेला पेस धरू नका, प्रत्येकजण आपला सर्वोत्तम दिवस सांगतो. अलीकडची १० किलोमीटरची वेळ घ्या, त्या पेसमध्ये किलोमीटरमागे ४५ सेकंद ते एक मिनिट वाढवा, रात्री आणि दुपारच्या उन्हात आणखी पंधरा-वीस सेकंद. तक्ता थोडा आळशीच असू द्या.

हँडओव्हरला पुढचा रनर पंधरा मिनिटं आधी, बूट बांधून, बाहेर उभा. गाडीत बसून नाही. पळणाऱ्याने शेवटचे दोन किलोमीटर उरल्यावर मेसेज टाकायचा. नेटवर्क नसेल तर तक्त्यातली वेळ हाच निरोप.

सामानाची एक युक्ती नक्की करा. प्रत्येक टप्प्याचे कपडे वेगळ्या झिपच्या पिशवीत: शर्ट, शॉर्ट्स, मोजे, पिन लावलेला नंबर, व्हॅसलीनची छोटी डबी. वर मार्करने नाव आणि टप्पा. अंधारात एक पिशवी उचलायची, तयार. पळून आल्यावर घामट कपडे त्याच पिशवीत कोंबून झिप ओढायची. पाच माणसांचे तीन दिवसांचे ओले मोजे बंद गाडीत काय करतात ते वर्णन करत नाही. बुटांचे दोन जोड लागतीलच.

खाण्यात नवे प्रयोग नकोत, सरावात पचलेलंच. पळून आल्यावर पहिल्या तासात कर्बोदकं, वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम, आणि थोडं मीठ. भूक नसली तरी. पाणी तहानेप्रमाणे. भीतीपोटी लिटरच्या लिटर ढोसल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांवर पळणं चालू ठेवू नका, घामाने पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडाला महागात पडतात.

माणसं निवडताना एवढंच बघा, की उपाशी आणि झोपमोड झालेला असताना तो कसा बोलतो. सगळ्यात वेगवान रनर चिडका असेल तर मी सरळ त्याच्या जागी दीड मिनिट हळू पण शांत माणूस घेईन. कॅप्टनने स्वतःला सगळ्यात अवघड टप्पे देऊ नयेत. त्याला विचार करायला डोकं शिल्लक हवं. एकाचा पाय मुरगळला तर त्याचे टप्पे कोणी घ्यायचे आणि कोणत्या परिस्थितीत टीम थांबणार, हे घरीच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. रात्री अडीचला रस्त्याच्या कडेला लोकशाही चालत नाही.

महिनाभर आधी एक रंगीत तालीम करा: एक गाडी, पाच जण, शुक्रवार रात्र ते शनिवार संध्याकाळ, खऱ्या पिशव्या आणि खऱ्या तक्त्यासकट. त्यानंतर तुमची निम्मी यादी बदलेल. शेवटच्या दोन आठवड्यांत पळणं निम्म्यावर आणा आणि झोप साठवा.

आणि शेवटच्या गावात मुक्कामाच्या खोल्या आत्ताच बुक करा. शर्यत संपल्यावर सगळ्यांना वाटतं आता काय, निघू रात्रीच. ड्रायव्हरसकट कोणीही त्या रात्री परतीच्या रस्त्याला लागायचं नाही.