सुटायचं, पण कशातून की कशापासून?

प्रश्न : बाई, मी बँकेच्या परीक्षेची तयारी करते. क्लासच्या नोट्समध्ये फ्रेझल व्हर्ब्जची दोन पानी यादी आहे. 'गेट आउट', 'गेट अवे', 'गेट ऑफ', 'ब्रेक आउट', 'ब्रेक अवे', 'ब्रेक ऑफ'. सगळ्यांपुढे अर्थ एकच, 'सुटणे, निसटणे, वेगळे होणे'. रात्री पाठ करते, सकाळी पाटी कोरी. काही युक्ती आहे का?
— एक वाचक, विटा

आधी ती यादी मिटव. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण अशा यादीचा कुणाला फायदा झालेला पाहिला नाही. क्रियापदापेक्षा त्याच्या शेपटाकडे बघ. 'आउट', 'अवे', 'ऑफ' ही शेपटं जे काम करतात, ते मराठीत आपण 'तून', 'पासून' आणि 'वरून' यांच्याकडून करून घेतो. तुला ते न शिकता येतं.

आपल्या सांगलीचीच गोष्ट घे. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून निसटले. त्यांनी तटावरून उड्या टाकल्या आणि पोलिसांपासून लांब जायला धावले. आता इंग्रजी कर. तुरुंगातून, म्हणून 'ब्रोक आउट ऑफ जेल'. तटावरून, म्हणून 'जम्प्ट ऑफ द वॉल'. पोलिसांपासून, म्हणून 'ट्राइड टु गेट अवे फ्रॉम द पोलीस'. चार भिंतींच्या आत असलेला बाहेर पडला की 'आउट'. कशाला तरी टेकलेला, चिकटलेला सुटला की 'ऑफ'. नुसतं अंतर वाढलं की 'अवे'. या वाक्यात 'ट्राइड' मुद्दाम घातलंय. दादांना गोळी लागली आणि ते पकडले गेले. 'गेट अवे' म्हणजे नुसतं पळणं नव्हे, पळून हाती न लागणं. म्हणून 'गॉट अवे' लिहिलंस तर इतिहासाचा मार्क जाईल.

'ब्रेक'चंही तसंच. सोयरीक मोडली, बोलणी मोडली, तिथे 'ब्रेक ऑफ', कारण जोडलेलं तुटलं. अंगावर पुरळ उठलं किंवा गावात साथ आली तर 'ब्रेक आउट', कारण आत दबलेलं बाहेर आलं. बैल दावं तोडून मोकळा झाला तर 'ब्रोक फ्री' किंवा 'ब्रोक लूज'. इथे शेपूट दिशा सांगत नाही, शेवटी काय झालं ते सांगतं. आपणही 'तोडून मोकळा झाला' म्हणतोच की.

युक्ती कुठे फसते तेही सांगते, नाहीतर परीक्षेनंतर माझ्या नावाने खडे फोडशील. आपण म्हणतो 'पक्षातून फुटले', इंग्रजीत मात्र 'ब्रोक अवे फ्रॉम द पार्टी'. त्यांना तिथे घर दिसत नाही, ढेकळाचा तुकडा वेगळा झालेला दिसतो. आणि एसटी! आपण एसटीतूनही उतरतो आणि रिक्षातूनही. इंग्रजी माणूस बसमधून 'गेट ऑफ' करतो, पण रिक्षातून 'गेट आउट'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथे 'ऑफ', जिथे अंग मुडपून बसावं लागतं तिथे 'आउट', असं मी पोरांना सांगायची. मोटारसायकलवरून पुन्हा 'ऑफ', पण तिथे आपलं 'वरून' आहेच मदतीला.

प्रश्न : आमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. बाहेरच्या पार्ट्यांशी इंग्रजीत मेसेज करावे लागतात. टाळणे म्हटलं की मला एकच शब्द सुचतो, 'अवॉइड'. मुलगी हसते.
— एक वाचक, तासगाव

'अवॉइड' चुकीचा नाही, पण बेचव आहे. सौद्यात भाव ठरला आणि ऐनवेळी व्यापाऱ्याने अंग काढून घेतलं तर 'ही बॅक्ड आउट ऑफ द डील'. मागच्या पावली सौद्यातून बाहेर, बघा, पुन्हा 'तून'. कामातून अंग चोरलं तर 'ही गॉट आउट ऑफ द वर्क'. एखादा मोठी ऑर्डर घ्यायला बिचकतोय तर 'ही इज शायिंग अवे फ्रॉम इट'. हा 'शाय' घोड्यासाठीही वापरतात. रस्त्यात फडफडती पिशवी बघून घोडा बुजतो ना, तोच. आपला 'बुजणे' त्याला जितका चपखल बसतो तितका शब्दकोशातला 'लाजणे' बसत नाही. आणि उधारी बुडवणाऱ्यापासून चार हात लांब राहायचं तर 'स्टीअर क्लिअर ऑफ हिम'. हे नावाड्यांकडून आलेलं, खडक टाळून सुकाणू वळवायचं.

प्रश्न : 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' यांत नेमका फरक काय? दोन्हींत कार्यक्रम होत नाहीच.
— एक वाचक, कराड

हा फरक मी स्वतःच्या खर्चाने शिकले आहे. 2005 च्या पावसाळ्यात सांगलीत पूर आला. कृष्णेचं पाणी चढत होतं, लोक आयर्विन पुलाकडे पाणी बघायला जात होते आणि आमच्या शाळेचा बक्षीस समारंभ दोन दिवसांवर आला होता. पाहुणे बेंगळुरूचे, मराठी न येणारे. मुख्याध्यापक म्हणाले, पंधरा दिवस पुढे ढकललंय म्हणून कळवा. मी घाईत मेसेज टाकला, 'फंक्शन कॉल्ड ऑफ'. पंधरा दिवसांनी हॉलमध्ये पोरं रांगेत बसली, नारळ-शाल तयार आणि खुर्ची रिकामी. फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, तुम्हीच रद्द केलं होतंत. इंग्रजीच्या बाईंनी इंग्रजीत घातलेला हा घोळ पुढे किती वर्षं स्टाफरूममध्ये चहाबरोबर चघळला गेला, ते विचारू नका.

तर 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्याला मालक हाक मारून मागे घेतो, त्यालाही 'कॉल ऑफ'च म्हणतात. ते चित्र डोळ्यापुढे ठेवा. आणखी एक, 'इट' मध्ये घालायचं. 'पुट इट ऑफ' म्हणा, 'पुट ऑफ इट' नको.

प्रश्न : मुलाने निबंधात 'शिवाजी महाराज रॅन अवे फ्रॉम आग्रा' लिहिलं. सरांनी लाल रेघ मारून 'एस्केप्ड' केलं. पळणे ते पळणेच ना?
— एक पालक, सातारा

सर बरोबर आहेत, आणि साताऱ्याच्या माणसाला हे मी सांगावं म्हणजे काय! आपल्या पुस्तकांत धड्याचं नाव 'आग्र्याहून सुटका' असतं, 'आग्र्याहून पळ' नसतं. 'रन अवे' हे घर सोडून पळालेल्या पोराला लावतात, किंवा लढाईला पाठ दाखवणाऱ्याला. 17 ऑगस्ट 1666 ला महाराजांनी पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी दिल्या. त्याला इंग्रजीत 'गेव्ह देम द स्लिप' म्हणतात, किंवा 'स्लिप्ट अवे'. ओल्या साबणासारखं हातातून सटकणं. मुलाला पुढच्या वेळी हे लिहू द्या, सर खूश होतील.

'एस्केप' हा शब्द फ्रेंचमधून आलेला आणि मूळ लॅटिनकडचा. त्याच्या मुळाशी आहे अंगावरचा झगा. पकडणाऱ्याच्या हाती झगा राहतो, माणूस निसटतो. 'अवे' मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतला, मुळात 'ऑन वेग', म्हणजे 'वाटेवर'. आपलं 'वाटेला लागणे' आठवलं ना? पोलिसी कागदात 'एस्केप्ड' आणि बोलण्यात 'गॉट अवे', हे आपल्या 'पलायन' आणि 'पळाला'सारखंच आहे.

या शेपटांनी परक्यांना घाम फुटतो हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत तसं लिहिलंय, आणि पहिलं उदाहरण दिलंय 'कम ऑफ'चं, अर्थ काय तर युक्तीने निसटणे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थालाही पहिलं निसटणंच आठवलं, याचं मला फार बरं वाटतं.

प्रश्न : नातवाने डब्यातले बेसनाचे लाडू संपवले आणि सुनेला म्हणतो, 'आय गॉट अवे विथ इट'. पळाला तर कुठेच नाही, माझ्या शेजारीच बसला होता.
— एक आजी, मिरज

आजी, 'गेट अवे विथ' म्हणजे पळणं नव्हे, पचवणं. चोरी पचली, खून पचवला म्हणतो ना आपण, तेच. लाडूंच्या बाबतीत तर दोन्ही अर्थांनी. पुढच्या वेळी डबा वरच्या फळीवर ठेवा आणि त्याला सांगा, 'यू वोन्ट गेट अवे विथ इट'.